पावडर कोटिंग नीट झालंय का? गेट, ग्रिल, रेलिंग आणि खिडक्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरजवळ एमआयडीसीत आमचं पावडर कोटिंगचं छोटं युनिट आहे. घाटाखालून मालवण, रत्नागिरीकडची गेटं आणि रेलिंगं येतात, इथल्या फौंड्र्यांमधून कास्टिंग (साच्यात ओतलेला माल) येतं, आणि फोनवर रोज तेच ते प्रश्न येतात. बहुतेक फोन माल बसवून झाल्यावर, पहिला पाऊस पडून गेल्यावर येतात. तेव्हा करण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. म्हणून माल ताब्यात घ्यायच्या आधी काय बघायचं, यावर इथे भर दिला आहे. प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवलेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तो क्रमांक दिला आहे.

१. पावडर कोटिंग म्हणजे नेमकं काय? शेवटी रंगच ना, मशीनने मारलेला?

रंगच, पण ओला नाही. रेझिन, हार्डनर आणि रंगद्रव्य एकत्र वितळवून, थंड करून, दळून केलेली ही पिठासारखी कोरडी पावडर असते. गनमधून बाहेर पडताना तिला ६० ते १०० किलोव्होल्टने विद्युतभार दिला जातो. जॉब, म्हणजे कोटिंग करायचा माल, अर्थिंगला जोडलेला असतो, त्यामुळे पावडर त्याच्याकडे ओढली जाते आणि चिकटते. या अवस्थेत फुंकर मारली तरी ती उडते. मग ओव्हनमध्ये ती वितळते, पसरते आणि भाजून कडक होते.

यात थिनर नसतो, म्हणजे वाळायचं असं काहीच नसतं. 'आठ दिवस हात लावू नका, अजून ओलं आहे' हे ऑइल पेंटला ठीक आहे, पावडरला नाही. जॉब थंड झाला की तपासायला घ्या.

२. चकाकी मस्त आहे, हात फिरवला तर गुळगुळीत लागतं. मग काम चांगलंच झालं असणार ना?

यावरून काहीच ठरवता येत नाही. पावडर साधारण १०० ते १२० अंश सेल्सिअसला वितळून सपाट होते आणि तिथेच चमकायला लागते. पण तिच्या आतली रासायनिक जोडणी पूर्ण व्हायला नेहमीच्या पॉलिएस्टर पावडरला १८० अंशांवर १५ ते २० मिनिटं, किंवा २०० अंशांवर १० मिनिटांच्या आसपास लागतात. आणि हे अंश ओव्हनच्या हवेचे नव्हेत, लोखंडाचे. वरून डाग पडलेली भाकरी आत कच्ची निघावी तसं आहे हे. कच्चं राहिलेलं कोटिंग दिसायला चांगलंच दिसतं, कधीकधी नीट भाजलेल्यापेक्षा जास्त चमकतं.

दर्जा दोन ठिकाणी ठरतो: पावडर मारायच्या आधी लोखंड किती स्वच्छ झालं, आणि ओव्हनमध्ये ते किती तापलं. दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीत. त्यासाठीच पुढच्या तपासण्या आहेत.

३. आमच्याकडे कुठलंच मशीन नाही. टेम्पोतून माल उतरवताना दहा मिनिटांत काय बघू?

पहिल्यांदा गेट उलटं करा. सगळे पुढची बाजू बघतात, गंज खालच्या बाजूने सुरू होतो. मोबाइलची टॉर्च तिरपी धरा आणि जिथे दोन पट्ट्या एकमेकींना मिळतात त्या आतल्या कोपऱ्यांत प्रकाश टाका. विद्युतभारित पावडर कडांकडे आणि उंचवट्यांकडे धावते, खोल कोपऱ्यात शिरत नाही. तिथे करडं लोखंड डोकावत असेल, किंवा रंग फिकट, खरखरीत दिसत असेल तर थर पातळ आहे.

मग कडा बघा. धारदार कडेवर पावडर बसते खरी, पण वितळली की कडेवरून सरकते आणि धारेवर थर अगदी पातळ उरतो. हा दोष कोटिंगवाल्याचा कमी, फॅब्रिकेटरचा जास्त. ग्राइंडर फिरवून कडा गोल करून दिल्या तर हा प्रश्नच येत नाही. वेल्डिंगच्या जागी बोट फिरवा. वेल्डिंग करताना उडालेले स्पॅटरचे दाणे आणि स्लॅगचे (वेल्डिंगवरच्या मळीचे) तुकडे कोटिंगखाली तसेच असतील तर बोटाला लागतात, आणि काही दिवसांनी तो दाणा कोटिंग घेऊन निघतो.

जॉब हुकावर टांगलेला असतो, त्यामुळे हुकाच्या जागी एकदोन उघडे ठिपके राहणारच. त्यावर भांडू नका, पण ते ठिपके कुठे आहेत ते बघून टचअप करून घ्या (प्रश्न २०).

शेवटी एक रुपयाच्या नाण्याची कड लपलेल्या जागी जोरात ओढा. नाणं स्टीलचं असतं. चांगल्या कोटिंगवर करडी रेघ उमटते आणि ओल्या फडक्याने बरीचशी पुसली जाते, कारण तो नाण्याचाच घासलेला धातू असतो. कोटिंगचा भुगा पडला किंवा पापुद्रा उठला तर माल उतरवायचा थांबवा.

४. 'नमुना पट्टी मागा' असं तुम्ही सगळ्यांना सांगता. ती काय असते?

तुमच्या गेटाच्याच जाडीच्या पत्र्याची साधारण १५० बाय ७५ मिलिमीटरची पट्टी. फॅब्रिकेटरकडून दोन-तीन कापून घ्यायच्या, भोक पाडायचं आणि गेटाबरोबर द्यायच्या. सांगायचं एवढंच: ही पट्टी गेटाबरोबरच धुवायची, गेटाबरोबरच टांगायची, त्याच गनने मारायची आणि त्याच फेरीत ओव्हनमध्ये घालायची. पट्टीवर पंचने खूण करून द्या, म्हणजे दुसऱ्याच लॉटची पट्टी हातात येणार नाही.

खऱ्या चाचण्या कोटिंग मोडणाऱ्या असतात. कापायचं, वाकवायचं, हातोडी मारायची, उकळायचं. गेटावर हे करता येत नाही, पट्टीवर येतं. मला विचाराल तर सगळ्या मीटरांपेक्षा ही दहा-वीस रुपयांची पट्टी जास्त कामाची. कोटिंगवाल्याला काम द्यायच्या आधीच सांगा. माल तयार झाल्यावर पट्टी मागून उपयोग नाही.

५. जाडी किती हवी? जास्त मारलं की जास्त टिकतं ना?

घरगुती गेट, ग्रिलसाठी ६० ते ८० मायक्रॉन बरोबर. टेक्स्चर, म्हणजे मुद्दाम खरखरीत ठेवलेल्या फिनिशला थोडी जास्त लागते. झेरॉक्सचा साधा कागद साधारण १०० मायक्रॉनचा असतो, त्यावरून अंदाज घ्या. ४० च्या खाली गेलं तर उंचवट्यांवर लोखंड झाकलं जात नाही.

जास्त मात्र जास्त टिकतंच असं नाही. एकावर एक पावडर मारत गेलं की आधीच्या थरातला भार पुढच्या पावडरला परतवतो, पृष्ठभागावर बारीक खड्डे पडतात आणि भाजल्यावर संत्र्याच्या सालीसारखा पोत येतो. फार जाड थर वाकवला की तडकतो.

६. डीएफटी मीटर (कोटिंगची जाडी मोजणारा) नाही. घरी जाडी कशी मोजणार?

नमुना पट्टी आणि मायक्रोमीटर स्क्रू गेज. वर्कशॉपवाल्या कुठल्याही ओळखीच्या माणसाकडे गेज मिळतं. पट्टी द्यायच्या आधी मार्करने नाही, पंचने चार जागा ठरवा (मार्करची खूण धुण्यात जाते). प्रत्येक खुणेशेजारी, पंचने उठलेली कड टाळून, मोजून कागदावर लिहा. कोटिंग होऊन आल्यावर तिथेच परत मोजा. फरकाचे दोन भाग करा, कारण थर दोन्ही बाजूंना असतो. आधी १.५० मिलिमीटर आणि नंतर १.६४ आलं तर फरक ०.१४, म्हणजे एका बाजूला ७० मायक्रॉन. साध्या व्हर्नियरवरही अंदाज येतो, पण त्याचं लहानात लहान माप ०.०२ मिलिमीटर, म्हणजे २० मायक्रॉन असतं, हे लक्षात ठेवा.

मीटर मिळालाच तर आधी त्याच लोखंडाच्या उघड्या तुकड्यावर शून्य करून घ्या. अगदी कडेवर आणि बारीक गोल पाइपवर रीडिंग चुकतं. एकाच जागेचं रीडिंग घेऊन समाधान मानू नका, वर-खाली-मागे मिळून दहाएक जागा घ्या.

७. मीटर १५० मायक्रॉन दाखवतोय, कोटिंगवाला म्हणतो ७० मारलंय. कोण खोटं बोलतंय?

बहुतेक कुणीच नाही. गेट गॅल्व्हनाइज केलेलं, म्हणजे जस्ताचा थर दिलेलं आहे का ते बघा. लोखंडासाठीचा चुंबकी मीटर लोखंडापासूनचं अंतर मोजतो. जस्त चुंबकाला ओढत नाही, त्यामुळे मीटर जस्त आणि पावडर दोन्ही मिळून दाखवतो. तयार गेट वितळलेल्या जस्तात बुडवून काढलं असेल तर जस्ताचाच थर ५५ ते ८५ मायक्रॉन, कधी त्याहून जास्त असतो. बाजारातला जीआय पत्रा वेगळा: १२० ग्रॅमचा (चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून १२० ग्रॅम जस्त असलेला) पत्रा असेल तर एका बाजूला जस्त जेमतेम ८ मायक्रॉन.

पावडर मारायच्या आधी गॅल्व्हनाइज्ड मालाचं रीडिंग घेऊन ठेवा आणि नंतरच्या आकड्यातून वजा करा. ॲल्युमिनियमच्या खिडक्यांवर चुंबकी मीटर चालतच नाही, तिथे एडी करंटवाला मीटर लागतो. आजकाल दोन्ही कामं करणारे मीटर मिळतात.

८. नीट भाजलंय की कच्चं, हे ओळखायचा सगळ्यात सोपा मार्ग कोणता?

ॲसिटोन. नेलपॉलिश रिमूव्हरही चालेल, पण बाटलीवर वाचून घ्या. बऱ्याच रिमूव्हरमध्ये आता ॲसिटोन नसतं. कापसाचा बोळा भिजवा, लपलेल्या जागी किंवा पट्टीवर बेताच्या दाबाने पुढे-मागे असं २५ वेळा घासा. अर्धा तास थांबा, मग त्या जागी नख रोवून बघा. हे काम उघड्या हवेत करा आणि जवळपास शेगडी, विडी, वेल्डिंग काही नको. ॲसिटोन चटकन पेट घेतं.

नीट भाजलेलं कोटिंग जरा निस्तेज होईल, एवढंच. कच्चं असेल तर कापूस रंगाने माखतो, जागा चिकट होते, नखाने रंग खरवडून निघतो.

आमच्याकडे एकदा गणपतीच्या आधीच्या घाईत काळ्या रंगाची रेलिंगं होती, १२ मिलिमीटर बारची. त्यांच्याच रॅकवर खाली जमिनीत बोल्ट करायच्या ८ मिलिमीटरच्या प्लेटा टांगल्या होत्या. ओव्हनचा काटा २०० वर होता, वेळही पूर्ण दिला होता. संध्याकाळी मी कापूस फिरवला. बारवर पांढरा राहिला, प्लेटवर तिसऱ्या-चौथ्या घासण्यातच काळा झाला. हवा तापली होती, पातळ बार तापले होते, जाड प्लेटा अजून तापतच होत्या. तेव्हापासून जाड आणि पातळ माल एका रॅकवर टांगत नाही, आणि तुम्हालाही सांगतो की कापूस नेहमी सगळ्यात जाड भागावर फिरवा. बिजागरी, बेसप्लेट, कुलपाची पेटी. कच्चेपणा तिथे लपतो.

९. कापसाला थोडासा रंग आला. म्हणजे काम फेल?

लगेच फेल म्हणू नका. पॉलिएस्टर पावडर इपॉक्सी या दुसऱ्या प्रकारच्या पावडरइतकी ॲसिटोनसारख्या सॉल्व्हंटला दाद न देणारी नसते, थोडा रंग येऊ शकतो. मेटॅलिक रंगात वर तरंगलेले चमकीचे कण कापसावर येतात, गडद टेक्स्चरचे उंचवटे घासून रंग देतात. कापसाच्या रंगापेक्षा अर्ध्या तासानंतरची नखाची चाचणी महत्त्वाची. थर परत कडक झाला असेल तर चालेल. मऊच राहिला असेल तर नाही. शंका उरली तर पट्टी वाकवून बघा (प्रश्न १२), कच्चं कोटिंग तिथे पकडलं जातं.

१०. चौकड्या कापून टेप लावायची चाचणी नीट समजावून सांगा.

याला क्रॉसकट म्हणतात. नव्या कटर ब्लेडने आणि स्टीलच्या पट्टीच्या आधाराने सहा समांतर रेघा मारा, लोखंडापर्यंत पोचतील अशा. त्यांना काटकोनात आणखी सहा. ६० ते १२० मायक्रॉन जाडीला दोन रेघांमध्ये २ मिलिमीटर अंतर ठेवा. पंचवीस चौकोन तयार होतात. ब्रशने भुगा झाडा, चांगल्या चिकट टेपचा ताजा तुकडा लावा, नखाने घासून बसवा, मिनिटभराने धीटपणे ओढून काढा. टेप उजेडात धरून बघा.

एकही चौकोन निघाला नाही आणि रेघांच्या कडा साफ असतील तर पकड उत्तम. रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे बारीक कपचे निघाले तर चालण्यासारखं. चौकोनच्या चौकोन टेपवर आले तर लोखंड धुतलंच नव्हतं, असं समजायला हरकत नाही. निघालेल्या चौकोनाची मागची बाजू बघा. तेलकट, काळपट किंवा गंजाची पूड लागलेली असेल तर कारण समोरच आहे.

टेक्स्चर फिनिशवर ही चाचणी नीट वाचता येत नाही, कारण टेप खोलगट जागी बसत नाही.

११. रिपोर्टवर क्रॉसकट '०' लिहिलंय. शून्य मार्क म्हणजे नापास ना?

उलट. आयएसओ २४०९ या मानकात ० सर्वांत चांगलं आणि ५ सर्वांत वाईट. अमेरिकन एएसटीएम डी ३३५९ मध्ये '५बी' सर्वांत चांगलं आणि '०बी' सर्वांत वाईट. रिपोर्टवर कुठलं मानक लिहिलंय ते आधी वाचा. मानक लिहिलेलंच नसेल तर नुसत्या आकड्याला अर्थ नाही.

१२. वाकवायची आणि हातोडीची चाचणी घरी करावी का?

पट्टीवर जरूर करा. साधारण १२ मिलिमीटरच्या सळईभोवती पट्टी हळूहळू, एक-दोन सेकंदांत वाकवा आणि बाहेरचा ताणलेला भाग बघा. चांगलं कोटिंग पत्र्याबरोबर वाकतं. कच्चं किंवा फार जाड असलेलं तडकतं, पापुद्रे उडतात.

हातोडीसाठी गोल डोक्याची हातोडी घ्या, पट्टी लाकडावर ठेवा, मध्यम ठोका मारा, दोन्ही बाजू बघा. खड्डा पडेल, पण खड्ड्याच्या कडेने तारेसारख्या चिरा पडून कोटिंग उडायला नको. टेक्स्चर आणि अगदी मॅट पावडरी मुळातच कमी लवचिक असतात. त्यांत केसासारखी बारीक चीर दिसली तर मी माल परत पाठवत नाही, पापुद्रा उडाला तर पाठवतो.

१३. टेपची चाचणी पास झाली, तरी पहिल्याच पावसाळ्यात फोड आले. हे कसं काय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो, कारण इथे ग्राहकाने सगळं बरोबर केलेलं असतं. कोरड्या लोखंडावर पावडर बऱ्यापैकी धरून बसते, लोखंड नीट धुतलेलं नसलं तरी. पाणी कोटिंगमधून हळूहळू आत झिरपतं आणि खाली क्षार, ॲसिडचे अंश किंवा तेल राहिलेलं असेल तर तिथे पकड सुटते. म्हणजे चाचणी पाण्यातच करायला हवी.

जुन्या पातेल्यात साधं पाणी उकळा आणि पट्टी दोन तास उकळत्या पाण्यात ठेवा. पाणी आटेल तसं गरम पाणीच घाला. काढून पुसा, थंड झाल्यावर फोड शोधा, मग त्यावर क्रॉसकट करा. फोड नाहीत आणि चौकोन जागेवर, तर खालचं काम खरंच झालेलं आहे. युरोपातल्या क्वालिकोट या ॲल्युमिनियमच्या प्रमाणपत्रात उकळत्या पाण्याचे दोन तास किंवा प्रेशर कुकरमध्ये एक तास अशी चाचणीच आहे. घरी कुकर वापरू नका. तासभर शिट्टीवर लक्ष ठेवावं लागतं आणि त्या भांड्यात परत अन्न शिजवता येणार नाही. उघडं पातेलं पुरे.

१४. 'सेव्हन टँक केलंय' असं सगळेच सांगतात. झालंय की नाही हे कळेल का?

सेव्हन टँक म्हणजे क्रमाने: तेल काढणं, पाण्याने धुणं, ॲसिडने गंज काढणं, परत धुणं, फॉस्फेटिंग, धुणं आणि पॅसिव्हेशन (फॉस्फेटचा थर पक्का करणारी शेवटची टाकी). टाक्यांची संख्या थोडी इकडेतिकडे होते. फॉस्फेटमुळे लोखंडावर करड्या रंगाचा बारीक स्फटिकांचा थर बसतो, त्याला पावडर धरते आणि गंज कोटिंगखाली पसरायला वेळ लागतो.

पावडर मारल्यावर हे दिसत नाही. पण मारायच्या आधी जाऊन बघू शकता. नीट फॉस्फेट झालेला जॉब एकसारखा करडा, मॅट दिसतो. चमकदार लोखंड दिसलं किंवा पिवळसर गंजाची झाक असेल तर विचारा. पावसाळ्यात ही झाक फार लवकर येते. धुतलेला माल रात्रभर ठेवून सकाळी पावडर मारली तर गंज आधीच बसलेला असतो. मालावर पाण्याचे थेंब टाका: पाणी सपाट पसरलं तर तेल गेलंय, मोत्यासारखं गोळा झालं तर नाही.

गेट टाकीत मावत नाही म्हणून हाताने पुसून केमिकल मारणारेही आहेत. तसं असेल तर तसं सांगावं आणि दर त्याप्रमाणे लावावा.

१५. संत्र्याची साल, बारीक भोकं, पुटकुळ्या, केस चिकटलेला... यातलं काय चालवून घ्यायचं?

संत्र्याच्या सालीसारखा पोत ही दिसण्याची गोष्ट आहे. दहा फुटांवरून दिसत नसेल तर गेटासाठी सोडून द्या, कपाटाच्या दारासाठी सोडू नका. धूळ, केस, दुसऱ्या रंगाचा कण थराच्या वरच्या भागात असेल तर टिकण्यावर परिणाम नाही.

भोकं मात्र चालवून घेऊ नका. टाचणीच्या टोकाएवढं भोक लोखंडापर्यंत गेलेलं असतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे म्हणजे तेल किंवा सिलिकॉन: कॉम्प्रेसरच्या हवेतून आलेलं, नाहीतर शेजारी कुणी सिलिकॉन स्प्रे मारलेला. पांढरा रंग पिवळसर पडला असेल तर जास्त भाजलंय.

१६. कास्टिंगचे खांब आणि फुलं आहेत. दोनदा कोटिंग केलं, दोन्ही वेळा भोकं पडली. पावडर खराब आहे का?

पावडरचा दोष नाही. कास्टिंगच्या आत बारीक पोकळ्या असतात, त्यांत हवा, ओल, तेल अडकलेलं असतं. ओव्हनमध्ये ते बाहेर पडतं आणि वितळलेल्या थराला भोक पाडून जातं. तिसऱ्यांदा मारलं तरी तेच होणार. उपाय म्हणजे कास्टिंग आधी रिकामंच ओव्हनमध्ये घालून, कोटिंगच्या तापमानापेक्षा थोडं जास्त तापवून, गॅस निघून जाऊ द्यायचा, मग पावडर मारायची. सोबत गॅस बाहेर पडू देणारी डीगॅसिंग ॲडिटिव्ह असलेली पावडर घ्यायची. गॅल्व्हनाइज्ड मालातही हाच त्रास होतो आणि उपायही हाच.

१७. घर समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर आहे. '५०० तास सॉल्ट स्प्रे' चं कोटिंग म्हणजे किती वर्षं?

तासांची वर्षं करता येत नाहीत, आणि कुणी करून देत असेल तर विश्वास ठेवू नका. या चाचणीत ५ टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं ३५ अंशांवर सतत सोडतात, बहुतेक वेळा पट्टीवर मुद्दाम चीर पाडून. मालवणात मीठ, ऊन, पाऊस आणि कोरडेपणा आलटून पालटून येतात, ते यात नसतं. एकाच प्रकारची दोन कोटिंग शेजारी ठेवून तुलना करायला ही चाचणी ठीक आहे. रिपोर्ट बघताना तासांइतकंच चिरेपासून गंज किती मिलिमीटर आत सरकला तेही बघा.

किनाऱ्यावर साध्या लोखंडावर एकच थर मी सुचवत नाही. गेट बनवून झाल्यावर गरम जस्तात बुडवून काढा, मग पावडर मारा. ते शक्य नसेल तर खाली झिंकयुक्त इपॉक्सी पावडर प्रायमर आणि वर पॉलिएस्टर. खर्च वाढतो, पण घाटाखालची माझ्या पाहण्यातली टिकलेली गेटं अशीच आहेत.

स्वतःची चाचणी हवी असेल तर एका पट्टीवर लोखंडापर्यंत फुली कोरा आणि गच्चीत, समुद्राकडे तोंड करून बांधून ठेवा. पावसाळ्यानंतर फुलीच्या कडेने नख घाला. कोटिंग किती उचललं जातं ते दिसेल.

१८. कोटिंग छान आहे, पण जोडांतून तपकिरी पाणी गळतंय. महिनाही झाला नाही.

पोकळ पाइपांत टाकीतलं ॲसिड आणि पाणी शिरलं आणि बाहेर पडायला वाट नव्हती. वेल्डिंगमध्ये सुईएवढी फट असली तरी आत जातं. ओव्हनमध्ये थोडं उकळून निघतं, उरलेलं पुढे पाझरत राहतं आणि पाइप आतून खातं. वरून रंग मारून हे थांबत नाही. खालच्या बाजूला भोक पाडून पाणी काढा, आतून साध्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळू द्या, भोकाच्या कडेला टचअप करा आणि भोक उघडंच ठेवा. नवीन गेट बनवताना फॅब्रिकेटरला प्रत्येक बंद पाइपाला खाली-वर निचऱ्याची भोकं ठेवायला सांगा.

१९. दीड वर्षात रंग उडाला, हाताला पांढरी पूड लागते. कच्चं भाजल्यामुळे झालं का?

बहुतेक वेळा पावडरच चुकीची असते. इपॉक्सी आणि इपॉक्सी-पॉलिएस्टरची मिश्र पावडर घरातल्या कपाटांसाठी असते. केमिकलला चांगली, पण उन्हाने पृष्ठभागाची पूड होते. बाहेर लागते शुद्ध पॉलिएस्टर, आणि गडद रंग किंवा दक्षिण-पश्चिमेचं ऊन असेल तर सुपरड्युरेबल, म्हणजे उन्हात जास्त टिकणारं पॉलिएस्टर. दोन्हींतला फरक बघून किंवा घासून घरी खात्रीने ओळखता येत नाही. म्हणून पावडरच्या खोक्याच्या लेबलचा फोटो मागा: प्रकार, राल (RAL) क्रमांक म्हणजे रंगाचा कोड, बॅच नंबर. हाच फोटो पुढे दुसरं रेलिंग करताना रंग जुळवायलाही कामी येतो. एकाच राल क्रमांकाच्या दोन कंपन्यांच्या पावडरी शेजारी ठेवल्या की फरक दिसतो.

२०. साइटवर थोडं कापावं, वेल्ड करावं लागलं. आता काय?

वेल्डिंगच्या आजूबाजूचं जळालेलं कोटिंग पॉलिश पेपरने चमकदार लोखंड दिसेपर्यंत काढा, चांगल्या कोटिंगची कड उतरती करा, झिंक प्रायमर आणि त्यावर जुळणाऱ्या रंगाचा पीयू (पॉलियुरेथेन) पेंट मारा. त्याच दिवशी मारा, पावसाळ्यात तर त्याच तासाला. ही जागा मूळ कोटिंगइतकी टिकणार नाही, दर वर्षी बघावी लागेल. हुकाचे ठिपके, कापलेली टोकं आणि ड्रिलची भोकं यांनाही हेच.

२१. पट्टी कच्ची निघाली. सगळं कोटिंग काढून परत करायचं का?

कच्चं असेल पण पकड चांगली असेल, तर बहुतेक वेळा पूर्ण वेळ परत भाजून काम होतं. माल बसवलेला नसावा, तेल-धूळ लागलेली नसावी. भाजल्यावर ॲसिटोनची चाचणी पुन्हा, त्याच जाड जागी.

थर पातळ असेल तर २२० ते ३२० नंबरच्या पेपरने हलकं घासून वरून दुसरा थर देता येतो. पण चौकोन टेपवर आले असतील किंवा उकळल्यावर फोड आले असतील तर वरून काहीही मारून उपयोग नाही. जुनं कोटिंग पूर्ण काढायचं, लोखंड नव्याने धुवायचं आणि शून्यापासून करायचं. या वेळी हो-ना करणारा कोटिंगवाला भेटला तर पट्टी त्याच्या टेबलावर ठेवा आणि टेप त्याच्याच हातात द्या.